सुगंधी पिकांत तेल कशाने भरते, कशाने उतरते: कोल्हापूर भागासाठी सविस्तर मार्गदर्शन

गवती चहाचा प्लॉट हिरवागार, दाट, कंबरेच्या वर गेलेला; आणि वाफेने तेल काढण्याच्या भट्टीत घातल्यावर तेल मात्र अपेक्षेच्या निम्मे. कोल्हापूर भागात ही तक्रार वरचेवर ऐकू येते आणि तिचे कारण बहुतेक वेळा एकच निघते: पीक सुगंधी, पण सवय उसाची. उसाला पाणी आणि युरिया दिला की काट्यावर वजन दिसते. सुगंधी पिकाचे वजन म्हणजे कापायचे, वाहायचे आणि वाफवायचे ओझे. पैसे तेलाचे, तेही त्यात कोणता घटक किती आहे हे पाहून.

आधी हिशेब नीट मांडू. एका कापणीत एकरी ६ टन ओला पाला आणि तेलाचा उतारा, म्हणजे पाल्याच्या वजनात तेल किती ते, ०.३५ टक्के, म्हणजे २१ किलो तेल. पाणी आणि नत्र वाढवून पाला ७.५ टनांवर नेला आणि उतारा ०.२५ टक्क्यांवर आला, तर तेल १८.७५ किलो. ५०० किलोच्या भट्टीला १२ ऐवजी १५ घाणे (भट्टीच्या भरण्या) लागले, सरपण आणि मजुरी तेवढी वाढली आणि तेल घटले. उलट बाजूही तितकीच खरी. पीक तहानेले ठेवून उतारा ०.४५ टक्क्यांवर नेला, पण पाला ४ टनच निघाला, तर तेल १८ किलो. त्यामुळे नुसता टक्का वाढवणे हे ध्येय नव्हे. एकरी तेल आणि त्याची प्रत, या दोन आकड्यांवर सगळे निर्णय घ्यावेत.

तेल झाडात नेमके कुठे असते

हे माहीत नसेल तर पुढचे काहीच उलगडत नाही. पुदिना, तुळस, सबजा आणि जिरॅनियम यांचे तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत असते. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन पुदिन्याच्या पानाची खालची बाजू उन्हाकडे तिरकी धरावी. चकचकीत, फिकट पिवळसर ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे पातळ पापुद्र्याखाली साठलेले तेल. बोट घासले की पापुद्रा फुटतो आणि वास येतो. शेतात येणारा घमघमाट म्हणजे हवेत गेलेले तेल.

गवती चहा आणि रोशा गवताचे तेल पानाच्या आतल्या पेशींत असते, म्हणून ते हाताळणी जरा जास्त सोसतात. ओवा, बडीशेप यांचे तेल दाण्यातल्या नलिकांत आणि वाळ्याचे मुळांत असते. दाण्यातले किंवा मुळातले तेल एका दुपारच्या उन्हाने जात नाही, पुदिन्याचे जाते.

दुसरी गोष्ट पानाच्या वयाची. पुदिन्याच्या पानात तेल भरण्याचे मुख्य काम पान साधारण तीन आठवड्यांचे होईपर्यंत उरकते. त्यानंतर आहे त्या तेलात बदल होत राहतात: मेन्थोन हा घटक कमी होऊन मेन्थॉल, म्हणजे पुदिन्याच्या तेलाचा मुख्य घटक, वाढतो. म्हणून कोवळी कापणी केली तर मेन्थॉल कमी आणि मेन्थोन जास्त मिळतो. पीक फार दाटले आणि खालची पाने सावलीत पिवळी पडून गळाली, तर पूर्ण भरलेली पाने जमिनीवर गेली. भट्टीत आला तो नुसता दांडा आणि शेंडा. जादा नत्राने तेल ‘पातळ होते’ असे सगळे म्हणतात. खालची पानगळ मात्र कुणी मोजत नाही.

बेणे चुकले तर पुढचे सगळे वाया

तेलात कोणता घटक मुख्य असणार हे प्रामुख्याने झाडाच्या जातीवर ठरते. हवामान आणि खत त्याचे प्रमाण थोडे खालीवर करतात, जात बदलत नाहीत. सबज्याच्या एका प्रकारात लिनालूल भरपूर असते, दुसऱ्यात मिथाइल चॅव्हिकॉल. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखे, गिऱ्हाईक वेगळे. तुळशीतही युजेनॉलचा आणि मिथाइल युजेनॉलचा असे वेगळे प्रकार आहेत. ही झाडे परपरागीभवन करतात, म्हणजे शेजारच्या वाफ्यातल्या दुसऱ्या प्रकाराशी मधमाश्या त्यांचा संकर घडवतात. घरचे बी धरून दोन-तीन पिढ्या गेल्या की तेलाचा अहवाल दरवर्षी वेगळा येतो तो यामुळे. बी घरचेच ठेवायचे असेल तर एकच प्रकार लावावा आणि फुलोऱ्यात आल्यावर वेगळी दिसणारी, वेगळा वास देणारी झाडे उपटून टाकावीत.

गवती चहा, वाळा, पुदिना हे ठोंब, फुटवे किंवा मुळ्यांपासून लावतात, त्यामुळे मिश्रणाचा धोका कमी. पण पहिले बेणेच बिनओळखीचे आणले तर पाच वर्षांची अडचण विकत घेतली. गवती चहात ‘कृष्णा’, ‘ओडी-१९’, पुदिन्यात ‘कोसी’ अशा नाव असलेल्या जातींचे बेणे घ्यावे. परसातला चहाचा गवती पाला तेलासाठी उपयोगी पडेलच असे नाही.

जिल्हा एक, जमिनी अनेक

गगनबावड्यात वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि शिरोळमध्ये जेमतेम पाचशेच्या आसपास. तेव्हा ‘कोल्हापूरला काय येते?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही.

पश्चिमेकडे, शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगडच्या तांबड्या-जांभ्या जमिनीत सामू कमी आणि पावसाने अन्नद्रव्ये वाहून गेलेली. निचरा मात्र उत्तम. उतारावर गवती चहा चांगला येतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये सतत ढग आणि ओली पाने असल्याने पानांवर करपा आणि तांबेरा येतो. या काळातल्या कापणीचा उतारा सगळ्यांत कमी. अशा भागात जूनच्या सुरुवातीला एक कापणी उरकावी आणि पुढची थेट सप्टेंबरअखेर, ऊन स्थिरावल्यावर घ्यावी. मधली कापणी जमली तरी परवडत नाही.

करवीर, कागल, हातकणंगलेच्या मध्यम काळ्या जमिनीत वाव सर्वांत जास्त. इथली अडचण चुनखडीची: पुदिना आणि गवती चहाची नवी पाने शिरांमध्ये पिवळी पडतात. बघणारा म्हणतो नत्र कमी आहे आणि युरिया टाकतो. नत्राच्या कमतरतेत जुनी, खालची पाने आधी पिवळी होतात. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक अॅसिड मिसळून संध्याकाळी फवारावे, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. हरितद्रव्य कमी तर साखर कमी, आणि तेल साखरेपासूनच तयार होते.

शिरोळच्या क्षारपड आणि चोपण जमिनींत पुदिना, जिरॅनियमच्या नादी लागू नये. वाळा, रोशा गवत आणि काही प्रमाणात गवती चहा तिथे तग धरतात. मातीची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. लावणीआधी हा एक आकडा तरी तपासून घ्यावा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या रानांत दिवसेंदिवस पाणी उभे राहिले तिथे जिरॅनियम लावणे म्हणजे मूळकुजीला आमंत्रण. वाळा काही दिवसांचे पाणी सोसतो आणि काठाची मातीही धरून ठेवतो.

वाळ्याबद्दल आणखी थोडे. भारी काळ्या मातीत झाड झकास वाढते, पण खणताना मुळे तुटून निम्मी जमिनीतच राहतात. नदीकाठची वाळूमिश्रित पोयट्याची जमीन त्याला बरी. जुलैत लावलेला वाळा दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबर-जानेवारीत, १७-१८ महिन्यांनी खणावा. वर्षाच्या आत खणला तर तेल हलके आणि कमी प्रतीचे मिळते.

ऊन आणि रात्रीचा गारवा

नारळाच्या किंवा आंब्याच्या बागेत आंतरपीक म्हणून तुळस, पुदिना लावायचा मोह होतो. दिवसात सहा तासांपेक्षा कमी थेट ऊन असेल तर पाने मोठी, पातळ आणि मऊ होतात. ग्रंथी विरळ राहतात. शेडनेटमध्ये ताजी जुडी विकायची असेल तर हे चालते, ग्राहकाला मऊ पान आवडते. तेलासाठी उघडे रान हवे. अतिनील किरण अडवणाऱ्या पॉलिफिल्मखाली सबज्याच्या ग्रंथी नीट भरत नाहीत, म्हणून पॉलिहाऊसचा खर्च तेलासाठी करू नये.

दिवसाची लांबीही महत्त्वाची. कोल्हापुरात वर्षातला सर्वांत मोठा दिवस साधारण १३ तासांचा. पेपरमिंट हे लांब दिवसांच्या, थंड प्रदेशाचे पीक; फुलावर येऊन तेल पक्व व्हायला त्याला याहून मोठे दिवस लागतात. त्यात उन्हाळ्याच्या रात्री उबदार. दिवसभर साठवलेली साखर गरम रात्री श्वसनात खर्च होते आणि तेलात मेन्थोन-मेन्थॉलऐवजी प्युलेगोन आणि मेन्थोफ्युरान वाढतात; वास कडवट येतो. म्हणून इथे पेपरमिंटपेक्षा जपानी पुदिना बरा. जानेवारीत एकरी सुमारे १६० किलो मुळ्या ४५ ते ६० सेंटिमीटरच्या ओळींत ४-५ सेंटिमीटर खोल लावाव्यात आणि वळवाच्या सरी सुरू व्हायच्या आत, एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात कापणी उरकावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलेला पुदिना लहान दिवसांत जमिनीलगत धावरे सोडत बसतो. बेणे तयार करायला तो काळ छान, तेलाला नाही.

पाणी: ताण किती आणि कधी

‘ताण दिला की तेल वाढते’ हे अर्धसत्य आहे. पूर्ण हंगाम ताण दिला तर पाने लहान राहतात आणि एकरी तेल घटते. कापणीआधीचा थोडा ताण मात्र फायद्याचा: नवी पालेदार वाढ थांबते, पानातले पाणी कमी होते, साखर वाढीऐवजी तेलाकडे वळते.

हे असे साधावे. वाढीच्या काळात रान कायम वाफशावर ठेवावे, मुठीत दाबलेली माती गोळा धरील पण हाताला चिखल लागणार नाही इतपत. पाटाने सरी तुडुंब भरण्यापेक्षा ठिबक बरे. काळ्या जमिनीत गवती चहाचे पाणी कापणीआधी ८-१० दिवस तोडावे, मुरमाड किंवा तांबड्या जमिनीत ४-५ दिवस पुरतात. पुदिन्याला काळ्या रानात आठवडाभर, हलक्या रानात तीन-चार दिवस. त्याची मुळे उथळ असतात, ताण लांबला की पाने गळतात आणि कमावलेले जाते. दुपारी पान किंचित माना टाकते पण सकाळी पुन्हा ताठ दिसते, ही योग्य खूण. सकाळीही मलूल असेल तर त्याच दिवशी कापावे किंवा हलके पाणी द्यावे.

मधेच वळीव पडला तर? लगेच कापू नये. दोन-तीन कडक उन्हाचे दिवस जाऊ द्यावेत.

नत्र

गवती चहाला वर्षाला एकरी ४० ते ५० किलो नत्र पुरते. चार कापण्या धरल्या तर दर कापणीनंतर १० ते १२ किलो, म्हणजे २२ ते २६ किलो युरिया, भांगलण करून, ओलाव्यावर, ठोंबाच्या बाजूला. स्फुरद आणि पालाश प्रत्येकी १६ किलो लावणीच्या वेळी आणि नंतर दरवर्षी. उसाच्या हिशेबाने दोन-तीन पोती एकदम टाकली की पाने रुंद, पाणचट होतात, पीक लोळते आणि खालचा थर कुजतो. कापणीच्या आधीच्या महिन्यात नत्र अजिबात नको. उसाचे पाचट दोन ओळींत अंथरले तर तण आणि बाष्पीभवन दोन्ही आटोक्यात राहतात, मात्र ते ठोंबाच्या बुडाशी दाबून भरू नये.

दवणा: इथल्या ओळखीचा, पण तेलासाठी वेगळा

चैत्र यात्रेला जोतिबाला दवणा वाहतात, त्यामुळे हे झाड कोल्हापूरकरांना सांगायला नको. पण यात्रेची जुडी आणि तेलाचा दवणा यांची कापणी सारखी नाही. जुडीला हिरवी, ताजी पाने हवीत. तेल मुख्यतः फुलांच्या बारीक गोंड्यांत असते, म्हणून बहुतेक गोंडे उमलल्यावरच कापावे. कळीत कापला तर तेल कमी. गोंडे तपकिरी होऊन बी धरू लागले तरी कमी.

दवण्याला कोरडा, गारव्याचा, स्वच्छ उन्हाचा हिवाळा लागतो. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गादीवाफ्यावर बी टाकावे, एकरी सुमारे ६०० ग्रॅम. बी ताजेच हवे, जुन्याची उगवण झपाट्याने घटते. ते ४८ तास भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवावे, मोड दिसले की बारीक वाळूत मिसळून पेरावे, म्हणजे सारखे पडते. चार-पाच आठवड्यांची रोपे १५ बाय ७.५ सेंटिमीटरवर लावावीत. इतकी दाट लावण पाहून नवखा माणूस बिचकतो; झाड उंच-सडपातळ असल्याने ते बरोबर आहे. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला की उतारा आणि प्रत दोन्ही पडतात. त्यावर उपाय नाही. लावण उशिरा करून फुलोरा मार्चअखेरच्या उन्हात आणणे हे मात्र आपल्या हातातले, ते टाळावे. कापलेला दवणा सावलीत पातळ पसरून काही दिवस सुकवावा आणि मग वाफेवर काढावा.

कापणी आणि सुकवण

दव उतरल्यावर, साधारण ९ ते ११ च्या दरम्यान कापावे. गवती चहाची पहिली कापणी लावणीनंतर ९०-१०० दिवसांनी, पुढच्या ६० ते ७० दिवसांनी, जमिनीपासून १०-१५ सेंटिमीटर वर. बुडातून कापले तर फुटवे मरतात. फार वर कापले तर दांडे राहतात आणि पुढच्या वेळी काडीच जास्त येते. तुळस पूर्ण फुलोऱ्यात, १५-२० सेंटिमीटर वर.

पाला पोत्यात कोंबू नये, ताडपत्रीखाली ढीग करू नये. तासाभरात आतून गरम होतो. सावलीत, एक वीतभर जाडीने पसरावा. गवती चहा २४ तास सुकवला की वजन साधारण ३० टक्क्यांनी उतरते. इथे हिशेबाची एक फसवणूक होते. १०० किलो ओल्या पाल्यात ३५० ग्रॅम तेल होते. सुकून ७० किलो झाल्यावर त्यात ३४० ग्रॅम आहे. उतारा ०.३५ वरून जवळजवळ ०.४९ टक्के दिसतो आणि वाटते तेल वाढले. तेल थोडे घटलेच आहे. फायदा एवढाच की त्याच भट्टीत जास्त रानाचा पाला बसतो आणि सरपण वाचते. उन्हात सुकवले तर हा फायदाही जातो.

शेतावरच उतारा तपासायची रीत

काचेचे क्लेव्हेंजर उपकरण (थोड्या पाल्यातले तेल वाफेने काढून नळीत मोजणारे), दोन लिटरचा चंबू आणि हीटिंग मँटल (चंबू तापवण्याचे विजेचे साधन), एवढे पुरते. गटशेतीत चार-पाच जणांनी मिळून घ्यावे.

१. प्लॉटच्या किमान आठ-दहा ठिकाणांहून, बांधाकडेचे सोडून, पाला घ्यावा. सगळा मिसळून २-३ सेंटिमीटरचे तुकडे करावेत, लगेच तोलावे.

२. २०० ग्रॅम चंबूत, वर १ ते १.२ लिटर पाणी. उरलेल्यातला १०० ग्रॅम वेगळा पूर्ण वाळवून कोरडे वजन लिहावे. दोन प्लॉटची तुलना कोरड्या वजनावर करायची, नाहीतर ओलावाच मोजला जातो.

३. उकळी सुरू झाल्यापासून अडीच ते तीन तास. फार जोरात उकळले तर फेस वर चढतो. गार पाणी बंद पडले तर तेल वाफेवाटे जाते.

४. गार झाल्यावर नळीतले तेल मिलिलिटरमध्ये वाचावे. गवती चहाचे १ मिलिलिटर तेल सुमारे ०.८९ ग्रॅम भरते. म्हणजे ०.८ मिलिलिटर आले तर साधारण ०.७ ग्रॅम, उतारा ०.३५ टक्के.

वाळ्यासाठी हे उपकरण अडचणीचे ठरते. त्याच्या तेलाची घनता पाण्याच्या अगदी जवळ असल्याने ते नीट वेगळे होत नाही, आणि वेळही कित्येक पटींनी जास्त लागतो.

ही चाचणी कापणीच्या दहा दिवस आधी आणि आदल्या दिवशी करावी. दोन्ही आकडे, शेवटच्या पाण्याची तारीख, खताची तारीख आणि पाऊस एकाच वहीत लिहावा. चाचणीत उतारा चांगला आणि भट्टीत कमी असेल तर दोष रानाचा नाही, भट्टीचा: पाला सैल भरल्याने वाफ एका बाजूने निघून गेली, किंवा कंडेन्सरमधून (वाफ गार करणाऱ्या भागातून) पडणारे पाणी हाताला चटका देण्याइतके गरम आहे. दोन्हीकडे कमी असेल तर रानाकडे वळावे. पानगळ दिसते तर पीक दाटले किंवा पक्वता ओलांडली. पाने रुंद, पाणचट तर नत्र-पाणी जास्त. पाने चांगली, तरी सगळ्या कापण्यांत उतारा कमी तर बेणे तपासावे.

तेल गाळून, पाण्याचा अंश निर्जल सोडियम सल्फेटने काढून, गडद काचेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या भांड्यात गळ्यापर्यंत भरावे. अर्धे भरलेले भांडे उन्हाच्या खोलीत राहिले तर गवती चहाच्या तेलातला सिट्रल हा मुख्य घटक हवेने उतरतो, आणि तीन महिन्यांनी व्यापाऱ्याच्या अहवालात दिसणारी घट रानाच्या नावावर मांडली जाते. म्हणून काढल्याच दिवशी ५० मिलिलिटरचा नमुना बाटलीत काठोकाठ भरून, तारीख घालून, थंड आणि अंधाऱ्या जागी वेगळा ठेवावा.